छेददृश्य आणि खानदेश : अभियांत्रिकी रेखाटनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

इतिहासलेखनात आराखड्याचे स्थान बहुधा परिशिष्टातच असते. राजवटी, चळवळी, महसूल, शेती या विषयांच्या अभ्यासात धरणे, कालवे व लेणी यांचा उल्लेख वारंवार येतो. परंतु ज्या कागदावर ही बांधकामे आधी उभी राहिली अथवा नंतर मोजली गेली, त्या कागदाचा स्वतंत्र विचार क्वचितच केला जातो. अभियांत्रिकीच्या अध्यापकांना रेखाटन हा पहिल्या वर्षाचा विषय वाटतो, तर इतिहासाच्या अध्यापकांना तो आपला विषयच वाटत नाही. या दोहोंच्या मधोमध पडलेल्या जागेत प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

वस्तू एका काल्पनिक प्रतलाने कापली आहे असे मानून तिच्या आतील भाग दाखविणारे चित्र म्हणजे छेददृश्य होय. वर्गात सारेजण त्याला सेक्शन किंवा सेक्शनल व्ह्यू म्हणतात. पाटबंधारे खात्यात त्यालाच काटछेद म्हणतात. आज संगणकाधारित रेखाटनाच्या, म्हणजे कॅडच्या, साहाय्याने असे दृश्य क्षणार्धात तयार होते. ही सोय प्राप्त होण्यापूर्वी छेदाची कल्पना कोणत्या गरजांतून घडली, ती कोणासाठी उपयोगी होती आणि संगणकाने त्यातील नेमके काय बदलले, याचा शोध खानदेशच्या, विशेषतः जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या, संदर्भात घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांचेच पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. येथे खानदेश हा शब्द या व्यापक अर्थाने वापरला आहे.

छेद म्हणजे काय, हे जळगावच्या विद्यार्थ्याला समजावून देण्यास केळीइतके चांगले साधन नाही. केळीचा बुंधा आडवा कापला की एकात एक बसलेल्या पानांच्या आवरणांची वर्तुळे दिसतात आणि आतील हवेचे कप्पे उघड होतात. उभा कापला तर तेच कप्पे लांबट नळ्यांसारखे दिसतात. वस्तू एकच, पण कापण्याची दिशा बदलताच चित्र बदलते. बाहेरून पाहणाऱ्यास बुंधा खोडासारखा भरीव वाटतो. तो भरीव नाही, हे केवळ छेदच सांगतो.

पाटणचा मठ आणि करवतीचा हिशेब

चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेख भारतीय गणिताच्या इतिहासात सुपरिचित आहे. यादव राजा सिंघण याच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या सिद्धान्तशिरोमणी व अन्य ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केल्याची आणि १२०७ च्या सुमारास त्यास दान मिळाल्याची नोंद या लेखात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचे जन्मस्थान कोणते, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. त्यांचे गणित खानदेशात शिकविण्यासाठी एक संस्था उभी राहिली, एवढे प्रस्तुत विवेचनास पुरेसे आहे.

लीलावतीमध्ये खातव्यवहार व क्रकचव्यवहार अशी दोन प्रकरणे आहेत. पहिले खणलेल्या खड्ड्यांच्या घनफळाविषयी, तर दुसरे करवतीने कापलेल्या लाकडाविषयी आहे. काव्यमय उदाहरणांसाठी लीलावतीचे कौतुक करणारे अभ्यासक या दोन प्रकरणांपाशी फारसे थांबत नाहीत. वास्तविक छेदाच्या इतिहासाच्या दृष्टीने ती अत्यंत मोलाची आहेत.

क्रकचव्यवहारातील उदाहरण असे आहे : एका ओंडक्याची जाडी बुडाशी वीस अंगुळे व शेंड्याशी सोळा अंगुळे असून लांबी शंभर अंगुळे आहे, आणि तो लांबीने चार ठिकाणी चिरला आहे, तर कापणीचे माप किती? जाडीची सरासरी अठरा, तिला लांबीने गुणून अठराशे, चार छेदांचे मिळून बहात्तरशे चौरस अंगुळे. एक हात म्हणजे चोवीस अंगुळे, म्हणून या संख्येस ५७६ ने भागले असता साडेबारा चौरस हात हे उत्तर येते. येथे मोजले जाते आहे ते लाकडाचे घनफळ नव्हे; करवत ज्या प्रतलातून गेली त्या प्रतलाचे क्षेत्रफळ मोजले जात आहे. म्हणजे आजच्या भाषेत ज्याला छेदक्षेत्र म्हणतात, तेच. आणि ते मोजण्याचे प्रयोजन मजुरीचे आहे. विटांची रचना, दगडांची रचना, खोदाई आणि करवतकाम यांचे मूल्य कामगारांशी ठरवून, द्रव्य मऊ आहे की कठीण हे पाहून निश्चित करावे, असेही भास्कराचार्य सांगतात. छेदाचे क्षेत्रफळ आणि छेदातील द्रव्य या दोन्ही गोष्टी माहीत असल्याशिवाय श्रमाचे मोल ठरत नाही, ही जाणीव त्यात स्पष्टपणे दिसते.

खातव्यवहारातील उदाहरण अधिक विचार करण्याजोगे आहे. एका विहिरीचे तोंड बारा हात लांब व दहा हात रुंद आहे, तळ त्याच्या निम्म्या मापाचा आहे आणि खोली सात हात आहे. भास्कराचार्यांची रीत अशी की तोंडाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि दोहोंच्या बाजूंच्या बेरजांपासून मिळणारे क्षेत्रफळ यांची बेरीज करून तिला सहाने भागावे व खोलीने गुणावे. तोंड १२०, तळ ३०, आणि अठरा गुणिले पंधरा म्हणजे २७०. बेरीज ४२०, तिचा सहावा भाग ७०, त्यास सातने गुणून ४९० घनहात. यातील २७० ही संख्या नीट पाहिली असता ती बरोबर मध्यावर घेतलेल्या छेदाच्या, म्हणजे नऊ गुणिले साडेसातच्या, चौपट आहे असे आढळते. दोन टोकांचे छेद आणि मधल्या छेदाची चौपट यांची बेरीज करून सहाने भागण्याची ही रीत आज स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रिझमॉइडल सूत्र म्हणून शिकविली जाते.

याउलट, कालव्याच्या मातीकामाचे माप काढताना सामान्यतः लगतच्या दोन काटछेदांची सरासरी घेऊन तिला अंतराने गुणण्याची सोपी रीत वापरतात. तीच रीत वरील विहिरीस लावली तर १२० व ३० यांची सरासरी ७५ आणि उत्तर ५२५ येते. खरे घनफळ ४९०. म्हणजे पस्तीस घनहात, सुमारे सात टक्के, जास्त. लांबी, रुंदी व खोली यांच्याच सरासरी घेतल्या तर ४७२.५ येते, म्हणजे कमी. पहिल्या रीतीत ठेकेदाराचा लाभ आहे, दुसऱ्या रीतीत खोदणाऱ्याची हानी. छेद कोठे घ्यावा आणि किती घ्यावेत हा प्रश्न केवळ भूमितीचा नाही. मोजमापवहीत कोणाच्या नावे किती रक्कम लागणार, याच्याशी तो प्रथमपासून जोडलेला आहे.

अर्थात लीलावतीत आराखडे नाहीत. छेदाचे गणित होते. छेदाचे प्रमाणबद्ध चित्र हे पुढील काळाचे आहे.

लेणी : ज्यांना बाह्यरूप नाही अशा वास्तू

अजिंठा आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडत असले तरी त्याचा व्यवहारातील रस्ता जळगावहूनच जातो. १८१९ मध्ये कॅप्टन जॉन स्मिथ याच्या निदर्शनास ही लेणी आल्यानंतर त्यांचे चित्रण दोन वेगळ्या वाटांनी झाले. पहिली वाट मेजर रॉबर्ट गिल याची. १८४४ पासून त्याने भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यात आयुष्य वेचले. १८७९ मध्ये त्याचे निधन झाले व भुसावळ येथे त्याचे दफन करण्यात आले. दुसरी वाट जेम्स फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांची. त्यांचा ‘केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात तलविन्यासांबरोबर लेण्यांचे छेदही आहेत. गिलने भिंत पाहिली. फर्ग्युसन व बर्जेस यांनी पोकळी पाहिली.

बांधलेल्या मंदिराचे बाह्यदृश्य काढता येते. लेण्याला दर्शनी भाग सोडला तर बाहेरची बाजूच नसते. डोंगर बाहेरून पाहून आत काय आहे ते कळत नाही, आणि आत उभे राहून घेतलेल्या छायाचित्रात वरच्या कमानीची व दोन्ही बाजूंच्या अरुंद मार्गिकांची परस्पर उंची एकाच वेळी नीट येत नाही. म्हणून लेण्याचे खरे चित्र हे छेदाचेच चित्र असते. अजिंठ्याचे दहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह सुमारे तीस मीटर खोल व बारा मीटर रुंद असून त्यात एकोणचाळीस अष्टकोनी स्तंभ आहेत. त्याचा उभा छेद काढला की मधल्या भागाची कमान, बाजूच्या मार्गिकांवरील अर्धी कमान आणि टोकाचा स्तूप हे सारे एका दृष्टिक्षेपात येते. लाकडी बांधकामाची नक्कल दगडात कशी उतरली याचा पुरावाही त्यातूनच मिळतो.

पुढे हेन्री कझिन्स याने दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील आपल्या १९३१ च्या ग्रंथात साक्री तालुक्यातील बलसाणे येथील मंदिरांचा समावेश केला. परंतु मंदिर व लेणे यांच्या रेखाटनात मूलभूत फरक आहे. मंदिराच्या अभ्यासात तलविन्यासाला अग्रस्थान, तर लेण्याच्या अभ्यासात छेदाला.

पांझरेखालचा नळ

खानदेशात छेदाच्या आराखड्याची खरी कसोटी लागली ती नदीच्या पात्राखाली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून स्थापत्य अभियांत्रिकीची एल.सी.ई. ही परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण केली आणि पुढील वर्षी ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. नाशिकनंतर त्यांची नेमणूक खानदेशात झाली. पांझरा नदीच्या एका पाटासाठी नळांचा सायफन उभारणे हे त्यांच्या अगदी आरंभीच्या कामांपैकी एक होय. साक्री तालुक्यातील दातर्ती या गावाशी हे काम जोडले जाते. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी या प्रसंगाविषयी लिहिले आहे. पावसाळ्यामुळे काम पुढे ढकलावे अशी त्यांची विनंती वरिष्ठांना रुचली नाही. तेव्हा नाराजी पत्करण्याऐवजी त्यांनी ते काम त्याच स्थितीत हाती घेऊन तडीस नेले.

चरित्रकार या प्रसंगात जिद्द पाहतात, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत संदर्भात मात्र महत्त्वाचे आहे ते कामाचे स्वरूप. सायफन म्हणजे पाटाचे पाणी नदीपात्राखालून नळाने पलीकडे नेणे. नकाशावर, म्हणजे वरून पाहता, तो दोन काठांना जोडणारी एक सरळ रेषा असते. काठावरून पाहता तो दिसतच नाही. त्याचे सारे तंत्र उभ्या छेदात असते. पाणी कोठून खाली उतरते, वाळू वाहून जाण्याच्या पातळीच्या किती खाली नळ बसविला आहे, पलीकडे ते कोणत्या पातळीवर वर येते, आणि प्रवेशाची पातळी निर्गमापेक्षा किती उंच ठेवली म्हणजे घर्षणात खर्च होणारा दाब भरून निघेल, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे त्या एका चित्रात असतात. त्यात नळाच्या वरून जाणारी एक तिरपी रेषा काढतात. ती ना लोखंडाची असते, ना मातीची. ती दाबाची रेषा असते. प्रत्यक्षात जिचे अस्तित्व डोळ्यांना कधीही दिसणार नाही अशी रेषा छेदात हक्काने येते.

अशा लांब छेदात आणखी एक युक्ती असते. आडवे माप व उभे माप वेगवेगळ्या प्रमाणात घेतात. आडवे एकास हजार असेल तर उभे एकास शंभर. असे केले नाही तर मैलभर पाटाचा उतार कागदावर सपाट रेषेसारखा दिसेल. परिणामी छेदातील नदीचे काठ कड्यांसारखे उभे दिसतात. चित्र जाणूनबुजून खोटे केलेले असते, आणि वाचणाऱ्यास ते ठाऊक आहे असे गृहीत असते.

फडपद्धती : आराखड्याविना पाणी

विश्वेश्वरय्या ज्या पांझरेवर काम करीत होते तिच्या खोऱ्यात पाणी वाटण्याची एक जुनी व्यवस्था आधीच नांदत होती. पांझरा, मोसम व आरम या नद्यांवरील फडपद्धती तीनचारशे वर्षे जुनी मानली जाते. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा दोन ते बारा किलोमीटर लांबीचा कालवा, कालव्यापासून चाऱ्या, चाऱ्यांपासून शेतात जाणारे सारंग आणि जादा पाणी परत सोडणारे सांडम, अशी तिची रचना आहे. जमीन फडांत विभागलेली असते. एका फडात एका हंगामात एकाच प्रकारचे पीक, आणि पाणी देण्याचे काम शेतकऱ्याकडे नसून गावाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे असते.

या व्यवस्थेत पाण्याची पातळी हीच समतलदर्शक. कालवा खोदताना पाणी पुढे सरकते की नाही हे पाणीच दाखवी. सांडमाची उंची कालवा फुटू नये इतकी. ज्ञान माणसांत आणि मातीत होते. त्यामुळे तिच्या अभ्यासकाला आज मोठी अडचण येते. कालव्याचा मूळ काटछेद काय होता, हे गाळाचे थर उकरूनच कळेल. इंग्रजी अमदानीतील कालव्यांबाबत तोच प्रश्न आराखडा उघडून सुटू शकतो. कागद टिकतो म्हणून इतिहास कागदवाल्यांचा होतो. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये बंधाऱ्यांची नोंद आली ती महसुलाच्या अंगाने. पाटकऱ्याच्या कौशल्याच्या अंगाने नव्हे.

विश्वेश्वरय्या यांनी १८९९ च्या सुमारास दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धती सुचविली. जमिनीचे ठराविक गट पाडून पीक फिरते ठेवण्याच्या तिच्या तत्त्वाचे फडपद्धतीशी असलेले साम्य अनेकांनी दाखवून दिले आहे. खानदेशातील आरंभीच्या नोकरीचा हा संस्कार मानण्यास जागा आहे.

रंगाकडून रेघांकडे

एकोणिसाव्या शतकातील खात्याच्या आराखड्यांत छेद दाखविण्याची रीत रंगाची होती. कापलेल्या भागात पातळ रंगाचा हात फिरवीत. विटेसाठी तांबूस, दगडासाठी वेगळा, मातीसाठी वेगळा, लोखंडासाठी निळसर. १८४२ मध्ये जॉन हर्शेल याने शोधलेल्या निळ्या छापाच्या प्रक्रियेचा शतकाच्या उत्तरार्धात आराखड्यांच्या नकलांसाठी प्रसार झाला आणि रंगाची अडचण झाली. निळ्या छापात रंग उतरत नाहीत, फक्त रेषा उतरतात. म्हणून वेगवेगळ्या द्रव्यांसाठी वेगवेगळ्या रेघा आल्या. आज प्रत्येक विद्यार्थी पंचेचाळीस अंशांत ज्या बारीक तिरप्या रेघा मारतो, त्यांचा प्रसार अशा रीतीने नक्कल करण्याच्या यंत्राशी बांधलेला आहे. सौंदर्यदृष्टीचा त्यात फारसा भाग नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय मानक संस्थेने, व १९८७ नंतर तिच्या जागी आलेल्या भारतीय मानक ब्यूरोने, हे संकेत निश्चित केले. शाळा-महाविद्यालयांसाठीची एस.पी. ४६ ही पुस्तिका १९८८ मध्ये निघाली. छेदप्रतलाची रेषा साखळीसारखी, टोकांना जाड. बाणांची दिशा पाहणाऱ्याची. लगतच्या दोन भागांतील रेघा विरुद्ध दिशांना. याशिवाय एक संकेत असा आहे की जो विद्यार्थ्यांना नेहमी चकवितो. आस, बोल्ट, नट, चावी, रिव्हेट आणि आधारपट्टी म्हणजे रिब यांतून छेद लांबीच्या दिशेने गेला तरी ते कापलेले दाखवू नयेत. आस भरीवच असतो. तो कापून काही नवे कळत नाही. आणि रिबवर रेघा मारल्या तर पातळ पट्टी जाड ठोकळ्यासारखी भासते. म्हणजे भूमितीने जेथे कापले आहे तेथेही संकेताने कापू नये असे सांगितले आहे. छेददृश्य हे कापलेल्या वस्तूचे छायाचित्र नसून समजून घेतलेल्या वस्तूचे निवेदन आहे, हे यातून लक्षात यावे.

पाटबंधारे खात्यात हे काम आरेखक व अनुरेखक या पदांवरील कर्मचारी करीत. अनुरेखकाचे काम ट्रेसिंगवर शाईने रेषा उतरविणे. अमोनियाच्या वासाच्या खोलीत त्याच्या नकला निघत. मातीच्या धरणाचा काटछेद त्यांनी किती वेळा काढला असेल याची गणती नाही : मधोमध काळ्या मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाचे आवरण, खाली पायात उतरलेला चर, मागे वाळूचा निचरा, पुढे दगडांचे पिचिंग. पांझरेवरील अक्कलपाडा धरणाच्या भिंतीवर उभे राहणाऱ्यास गवत, दगड आणि रस्ता दिसतो. धरण ज्यामुळे टिकते ते सारे काटछेदातच दिसते.

संगणकाचे आगमन

१९८३ हे वर्ष खानदेशच्या तंत्रशिक्षणात महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि जळगावजवळ बांभोरी, धुळे व फैजपूर येथे महाविद्यालये सुरू झाली. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, ज्यास २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. १९९६ मध्ये जळगाव येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. योगायोग असा की ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर १९८२ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आले. त्यापूर्वी, १९६३ मध्ये, अमेरिकेतील एम.आय.टी. येथे आयव्हन सदरलँड याने स्केचपॅड ही प्रणाली सादर केली होती. परंतु ती प्रयोगशाळेतील महागड्या यंत्रावर चाले. साध्या संगणकावर चालणारे रेखाटन आले ते ऑटोकॅडबरोबर. खानदेशातील पहिली खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये आणि हे साधन एकाच वयाचे आहेत.

आरंभी संगणक हा केवळ जलद मिनीड्राफ्टर होता. छेद विद्यार्थ्यानेच डोक्यात करावयाचा, रेषा माउसने ओढावयाच्या, आणि शेवटी बंद आकृती निवडून हॅचची आज्ञा द्यावयाची. ए.एन.एस.आय. ३१ हा तिरप्या रेघांचा नमुना तेव्हापासून सर्वांच्या परिचयाचा झाला. सुरुवातीच्या आवृत्त्यांत आकृतीची सीमा कोठे उघडी राहिली असेल तर रेघा बाहेर सांडत. त्यामुळे विद्यार्थ्यास प्रत्येक कोपरा तपासावा लागे. त्या त्रासात एक शिस्त होती.

खरा बदल त्रिमितीय प्रतिमानांमुळे झाला. आता वस्तू आधी घन स्वरूपात घडविली जाते, मग तिच्यावर एक प्रतल ठेवले जाते. ऑटोकॅडमध्ये स्लाइस अथवा सेक्शन प्लेन, आणि १९९५ मध्ये आलेल्या सॉलिडवर्क्ससारख्या प्रणालींत समोरील दृश्यावर एक रेषा ओढली की छेददृश्य बाजूला येऊन बसते. पूर्ण छेद, अर्धा छेद, पायरीसारखा वळणारा छेद, स्थानिक छेद, साऱ्यांसाठी वेगळे बटण आहे. प्रतल सरकविले की पोकळ्या उघडतात व मिटतात. जळगावातील ठिबक सिंचन उद्योगासाठी याचे मोल मोठे आहे. ठिबकच्या ड्रिपरमध्ये पाण्याचा वेग मोडणारा नागमोडी मार्ग मिलिमीटरभर रुंदीचा असतो. तो बाहेरून दिसत नाही आणि हाताने त्याचा छेद काढणे हे कंटाळवाणे व चुकीस निमंत्रण देणारे काम होते.

परंतु प्रतिमान केवळ भूमिती जाणते. रिब असलेला ब्रॅकेट घन स्वरूपात घडवून मधोमध कापला तर सॉफ्टवेअर रिबवरही रेघा मारते, कारण त्याच्या दृष्टीने तेथे धातू आहे. सॉलिडवर्क्समध्ये रिब व जोडणीचे भाग वगळण्याची सोय आहे; मात्र रिब त्या नावाच्या आज्ञेनेच घडविलेली असेल तर. विद्यार्थ्याने ती साध्या ठोकळ्याने घडविली असेल तर प्रणालीला ती ओळखता येत नाही. परीक्षेत असा छेद तपासताना परीक्षकासमोर भूमितीने अचूक पण संकेताने चुकीचे चित्र येते, आणि विद्यार्थ्याचे म्हणणे असते की संगणकाने असेच दाखविले. त्याचे म्हणणे खोटे नसते.

पूर्वी साबणाची वडी कापून अथवा लाकडी नमुना उघडून छेद शिकवीत. विद्यार्थी प्रथम चुकीचा छेद कल्पी, मग वडी कापून आपली चूक पाही. आता कल्पनेच्या आधीच उत्तर पडद्यावर असते. यात हानी आहे, असे म्हटले की तंत्रविरोधाचा आरोप होतो. पण प्रश्न सोयीचा नसून क्रमाचा आहे. प्रतल ठेवण्यापूर्वी विद्यार्थ्याने हाताने एक कच्चा छेद काढावा आणि मग बटण दाबावे, एवढा बदल प्रात्यक्षिकाच्या तासात सहज करता येईल. त्यासाठी नव्या संगणकांची गरज नाही.

मातीकामाच्या हिशेबातही असाच प्रकार घडतो. भूपृष्ठाचे संगणकीय प्रतिमान हव्या तितक्या अंतरावर काटछेद देते, आणि घनफळ काढण्याची रीत तालिकेतून निवडावी लागते : टोकांची सरासरी अथवा प्रिझमॉइडल. बहुतेकजण आधीपासून निवडलेली असेल तीच ठेवतात. पाटणच्या मठात शिकणाऱ्यास ५२५ आणि ४९० यांतील फरक पाठ असे. आजच्या कनिष्ठ अभियंत्याला तो पडद्यावर शोधावा लागतो.

जुने आराखडे स्कॅन करून कॅडमध्ये पुन्हा रेखाटण्याचे काम आता अनेक ठिकाणी होऊ लागले आहे. प्रमाण बदलता येते, रेषा स्वच्छ होतात, साठवण सोपी होते. अडचण येते ती रंगांची. जुन्या काटछेदातील फिकट पिवळसर हात मुरमाचा की वाळूचा, हे ठरविल्याशिवाय त्या भागास हॅचचा नमुना देता येत नाही. आणि तो रंग शंभराहून अधिक वर्षांत फिका पडलेला असतो. टीप वाचता आली तर ठीक. नाहीतर धरणाच्या त्या भागात बोअर घेऊन माती बाहेर काढावी लागते, अथवा निवृत्त अनुरेखकाला विचारावे लागते.